सल्ला आणि जामीन : सोलापूरच्या उद्योगपरंपरेतील वडीलधाऱ्यांचा उपदेश

उपदेश हा मराठी गद्यातील फार जुना आणि त्या मानाने फार कमी अभ्यासला गेलेला प्रकार आहे. संतांच्या उपदेशावर ग्रंथ झाले, समाजसुधारकांच्या उपदेशावर प्रबंध झाले. परंतु अनुभवी उद्योजकाने तरुणांना केलेल्या उपदेशाकडे आपण साहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाही. तो सत्कार समारंभाच्या, स्मरणिकेच्या नाहीतर रविवारच्या पुरवणीच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. वास्तविक या उपदेशाला स्वतःचा एक घाट आहे. वक्ता वयाने ज्येष्ठ असतो, त्याने शून्यातून काही उभे केलेले असते, आणि तो समोरच्या तरुणांना ठरलेल्या तीन गोष्टी सांगतो : नेतृत्व कसे करावे, चांगला नागरिक कसे व्हावे आणि धंदा कसा सुरू करावा. या तीन गोष्टी एकाच दमात का सांगितल्या जातात, त्या एकत्र कधी आल्या, आणि सांगणाऱ्याने ऐकणाऱ्यासाठी नेमके काय पणाला लावले, हे प्रश्न मात्र विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात ते सोलापूरच्या संदर्भात विचारण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सोलापूरच घेण्याचे कारण उघड आहे. पुण्याच्या रस्त्याने शहराबाहेर पडले की मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळी एमआयडीसी लागते. शहरात एकेकाळी गिरणीचा भोंगा दिवसाची वेळ ठरवत असे. आता शहरातला तरुण दुचाकीवरून वा कंपनीच्या बसने चिंचोळीच्या पाळीवर जातो, किंवा सरळ पुण्याची गाडी पकडतो. आमच्या वर्गांत बसणारी अनेक मुले या दोन वाटांच्या मध्ये उभी असतात. 'नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा' हे वाक्य त्यांनी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलेले असते की त्याचा अर्थ आता त्यांना जाणवेनासा झाला आहे. म्हणून या उपदेशाचा इतिहास पाहणे आम्हांला केवळ हौसेचे काम वाटत नाही.

१. शतपत्रांपासून पैसा फंडापर्यंत

आधुनिक मराठीत उद्योगाचा उपदेश सुरू होतो तो उद्योजकाच्या नव्हे, न्यायाधीशाच्या आणि शिक्षकाच्या तोंडून. गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी यांची शतपत्रे भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास, १८४९ मध्ये, त्यांनी 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्रावरचे पुस्तक मराठीत आणले. शतपत्रांतील लेखक वाचकाला रागावतो, आळसाबद्दल आणि परावलंबनाबद्दल त्याचे कान उपटतो. त्याची कळकळ खरी आहे. मात्र उपदेश करणारा वर उभा आहे आणि ऐकणारा खाली, हे अंतर त्या भाषेत शेवटपर्यंत राहते. धंदा न करणे हा येथे स्वभावाचा दोष ठरतो. भांडवल कोठून आणावे हा प्रश्न फारसा पुढे येत नाही.

हा प्रश्न पुढे आणला न्यायमूर्ती रानड्यांनी. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली तिच्या मागे त्यांची प्रेरणा होती. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले ते प्रसिद्धच आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे पतपुरवठ्याच्या पुनर्रचनेवरचे विवेचन अधिक महत्त्वाचे. शेतकरी किंवा कारागीर आळशी आहे म्हणून मागे पडलेला नाही, त्याची पत उभी करणारी संस्थाच देशात नाही, असा त्यांचा रोख होता. युरोपातील अनेक देशांत पतसंस्थांच्या मागे राज्यसंस्था कशी उभी राहिली, याचे दाखले त्यांनी दिले. म्हणजे 'उद्योग करा' या वाक्याला रानड्यांनी दुसरे वाक्य जोडले : 'आणि उद्योग करणाऱ्याच्या मागे कोणीतरी उभे राहा.' हे शब्द आमचे आहेत; आशय त्यांच्या एकूण आर्थिक लेखनाचा आहे.

रानड्यांच्या या वर्तुळातील एक मोठे नाव रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांचे. व्यवसायाने ते शाळामास्तर. सरकारी हायस्कुलांत मुख्याध्यापकी करत त्यांनी सरकारी अहवालांतील आकडे पिंजून काढले. सोलापूरच्या हायस्कुलाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे जी साक्ष दिली, तिच्या तयारीत जोशींचा वाटा फार मोठा होता. साक्ष देऊन नाव मिळाले गोखल्यांना. आकड्यांचा भार वाहिला जोशींनी. गुरुत्वाचा हा प्रकार व्यासपीठावरच्या गुरुत्वाहून वेगळा आहे. येथे ज्येष्ठाने शिष्याला केवळ शब्द दिले नाहीत, वर्षानुवर्षांची मेहनत हवाली केली.

या पिढीचा तिसरा धडा पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना साधी होती : प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. या प्रयोगात नागरिक आणि भांडवलदार यांतील भिंत निदान कल्पनेत तरी पाडली गेली. ज्याच्याजवळ एकच पैसा आहे तोही कारखान्याच्या जोखमीत सहभागी झाला. उद्योग हे नागरिकाचे कर्तव्य, हा विचार मराठीत असा रुजला. नेतृत्व, नागरिकत्व आणि धंदा ही त्रयी पुढच्या व्याख्यात्यांना याच मुशीतून मिळालेली आहे.

२. फाटक आणि वालचंद

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजराती भाषक दिगंबर जैनांचे. व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी धंद्यात पाऊल टाकले. गं. दे. खानोलकरांनी त्यांचे विस्तृत मराठी चरित्र लिहिले आहे. या चरित्रनायकाची कीर्ती जहाज, विमान आणि मोटार या तीन शब्दांत सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. आम्हांला त्याआधीचे एक पान महत्त्वाचे वाटते.

ते पान लक्ष्मण बळवंत फाटक यांचे. फाटक रेल्वेत कारकून होते. कंत्राटाची निविदा कशी भरायची, मातीकामाचा हिशेब कसा बसवायचा, साहेबाच्या कोणत्या कागदाचा काय अर्थ, हे त्यांना ठाऊक होते. नव्हते ते भांडवल. वालचंदांकडे घराण्याची पत होती, पण रेल्वेच्या कामाचा अनुभव नव्हता. 'फाटक-वालचंद' ही भागीदारी झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून तिचा प्रवास सुरू झाला. फर्मच्या नावात फाटक आधी आणि वालचंद नंतर येतात, हे लक्षात घ्यावे. ज्याला आज आपण मार्गदर्शक म्हणू तो माणूस येथे सल्ला देऊन घरी गेला नाही. त्याने नोकरीची शाश्वती सोडून भागीदारीवर सही केली. काम बुडाले असते तर दोघेही बुडाले असते.

याच पद्धतीचा मोठा विस्तार पुढे सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत दिसतो. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेले 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. कंपनीचे पहिले अध्यक्ष नरोत्तम मोरारजी. त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली होती. सोलापूरकर तिला जुनी मिल म्हणूनच ओळखतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या, दुष्काळी मुलखातल्या शहराशी नाते असलेली दोन माणसे देशी जहाजवाहतुकीच्या अग्रभागी असावीत, हा योगायोग विलक्षण आहे.

जहाज निघाले तेव्हा धंदा आणि नागरिकत्व यांचा संबंध वालचंदांना कोणी व्याख्यानातून समजावून द्यावा लागला नाही. परकीय कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले. १९२३ च्या करारात सिंधियाला आपल्या टनेजवर मर्यादा मान्य करावी लागली. किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी म्हणून साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले, तेही कायद्याच्या रूपाला पोहोचले नाही. आपले राज्य नसेल तर आपला धंदा कायम दुसऱ्याच्या मर्जीवर, हे वालचंदांच्या हयातीचे सार होते. १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत विमानांचा कारखाना निघाला. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणच्या जहाजकारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, आणि त्याच कारखान्यात बांधलेले 'जल-उषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. विमानांचा कारखाना युद्धकाळातच सरकारच्या हाती गेला. जहाजकारखानाही १९५२ मध्ये सरकारी नियंत्रणाखाली आला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद वारले. उभे केलेले सगळे आपल्याच नावावर राहील अशी हमी या नेतृत्वात नव्हती. यशोगाथेच्या साच्यात ही बाजू नीट बसत नाही, म्हणून भाषणांतून ती बहुधा गळते.

३. यांत्रिकाची यात्रा

उद्योजकाच्या उपदेशाला मराठीत वाङ्मयीन रूप दिले ते शंकर वासुदेव किर्लोस्करांनी. त्यांचा जन्मही सोलापूरचा, १८९१ चा. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाली. तिचे आरंभीचे स्वरूप कारखान्याच्या माहितीपत्रासारखे होते. 'किर्लोस्कर' या नावाने ती मराठी मध्यमवर्गाच्या घरातले मासिक झाली. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही तिची भावंडे. कथा, कविता आणि वैचारिक लेख यांच्या शेजारी कारखानदारी, स्वावलंबन आणि नव्या जीवनपद्धतीचे लेख छापणारे हे मासिक म्हणजे वाचकाने वर्गणी भरून घरी बोलावलेला वडीलधारा माणूसच होता. लोकहितवादींचा चढा सूर येथे उतरला. 'तुम्ही हे का करत नाही?' याची जागा 'आम्ही हे असे केले' या वाक्याने घेतली. मराठी गद्याच्या दृष्टीने हा बदल लहान नाही.

आपले काका लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र शंकररावांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने लिहिले. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि रंगांधळेपणामुळे ती वाट सोडून यंत्रांकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले. बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी नांगराला हात लावेनात. माल विकला जायला दोन वर्षे वाट पाहावी लागली. पुढे बेळगावातील जागाही सोडण्याची पाळी आली.

या टप्प्यावर औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली आणि बिनव्याजी दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना कोणता उपदेश केला ते आज कोणाच्या तोंडी नाही. त्यांनी दिलेली जमीन आणि रक्कम मात्र सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मते मराठी उद्योगाच्या इतिहासातील खऱ्या मार्गदर्शकाची खूण हीच आहे. तो सल्ल्याच्या खाली स्वतःची सही करतो. कोणी भागीदार म्हणून, कोणी जमीन देऊन, कोणी आयुष्यातील वर्षे देऊन, पण तो जामीन राहतो. जामीन न राहता दिलेला सल्ला ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा एकटे सोडतो.

किर्लोस्करवाडीत शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे अशी माणसे जमली. कोणी यंत्रांत रमणारा, कोणी कल्पक, कोणी हिशेबात चोख. लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी वसाहतीची व्यवस्था पाहिली. लक्ष्मणरावांच्या नेतृत्वाचे वर्णन करायचे तर त्यांनी माणसे निवडली आणि चुका करायला त्यांना वाव दिला, एवढे पुरेसे आहे. त्यातही एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी वसाहतीचे रात्रीचे पहारेकरी नेमले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही नावे किर्लोस्करवाडीच्या इतिहासात राहिली आहेत. ज्यांच्यावर गावाने कधी भरवसा ठेवला नसता त्यांच्या हाती तिजोरी-गोदामाचा पहारा देणे, ही जामिनकीची आणखी एक तऱ्हा. तरीही साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. बाकीच्या सहकाऱ्यांची आडनावे आपल्याला ठाऊक आहेत. या दोघांच्या नावापुढे आडनावाच्या जागी जात आहे. विश्वास टाकणाऱ्याच्या औदार्याची गोष्ट पुढच्या पिढ्यांना मिळाली. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांच्या बाजूने ती कोणी लिहिली नाही.

४. नागरिक कोण?

हाच प्रश्न सोलापुरात अधिक तीव्र होतो. गुन्हेगार जमाती कायद्याखाली 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींसाठी सोलापुरात सेटलमेंट उभारली गेली. तारेच्या कुंपणात माणसे, हजेरीची सक्ती, आणि कामासाठी शहरातील गिरण्या. कुंपणातील माणूस गिरणीच्या दारात कामगार होता आणि कुंपणाच्या दारात कैदी. किर्लोस्करवाडीने शिक्षा झालेल्या माणसाला पहारेकरी केले त्या काळात सोलापुरात काहीही गुन्हा न केलेले मूल केवळ जन्मामुळे पहाऱ्याखाली वाढत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. शहरातील एका भागाला सेटलमेंट हे नाव मात्र चिकटून राहिले. भटक्या-विमुक्तांची मराठी आत्मकथने वाचताना हा औद्योगिक संदर्भ ध्यानात ठेवला तर त्यांचा अर्थ अधिक उलगडतो. नागरिकत्वाचा उपदेश करणाऱ्याने आधी हे सांगितले पाहिजे की नागरिक होण्याची संधी कोणाकोणाला नाकारली गेली होती.

नागरिकत्वाचा या शहराने दिलेला सर्वांत मोठा धडाही कारखानदारांच्या बैठकीतून आलेला नाही. एप्रिल १९३० मध्ये सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रीय ध्वज फडकला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेची बातमी येताच शहर पेटले, गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला. काही दिवस सरकारी सत्ता शहरातून जवळजवळ नाहीशी झाली आणि लोकांनीच व्यवस्था पाहिली. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कुर्बान हुसेन 'गझनफर' या पत्राचे संपादक होते. चार नावे, चार समाज. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आणि गुजराती बोलणाऱ्या या शहरात नागरिक म्हणून एकत्र येणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या दिवसांत मिळाले.

उद्योगाच्या व्याख्यानांत १९३० चे सोलापूर क्वचितच येते, आणि मार्शल लॉच्या व्याख्यानांत गिरण्यांचे अर्थकारण क्वचित येते. आपण एकाच शहराचे दोन इतिहास दोन वेगळ्या दिवशी साजरे करतो. मालकाची जोखीम पैशाची होती. या माणसांची जोखीम जिवाची होती. 'जोखीम घ्या' असे तरुणांना सांगताना या दोन्हींचा हिशेब एका वहीत मांडला गेला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

५. गाडगीळांची दहा वर्षे

स्वातंत्र्यानंतर जामिनकीचा सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरमध्ये झाला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे अल्पशिक्षित शेतकरी. धनंजयराव गाडगीळ हे गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, केंब्रिजमध्ये शिकलेले, हिंदी उद्योगांच्या उत्क्रांतीवरच्या १९२४ च्या ग्रंथाने मान्यता पावलेले. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा ही कल्पना पुढे आली तेव्हा गाडगीळांना लेख लिहून, शुभेच्छा देऊन थांबता आले असते. त्यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले आणि सुमारे दहा वर्षे सांभाळले. विखे पाटील उपाध्यक्ष होते. वैकुंठभाई मेहतांसारख्या सहकारनिष्ठ मंत्र्याच्या पाठिंब्याने मुंबई सरकारनेही भांडवलात वाटा उचलला. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या काठी गाळप सुरू झाले.

गाडगीळांच्या मार्गदर्शनाची दोन अंगे ध्यानात घ्यावीत. एक, विद्वानाने आपली प्रतिष्ठा पणाला लावली. कारखाना बुडाला असता तर 'पुस्तकी अर्थशास्त्रज्ञ' हा शिक्का त्यांच्यावर कायमचा बसला असता. दुसरे, त्यांनी खुर्ची वेळेवर मोकळी केली. जामीन राहणारा कायमचा मालक होऊन बसला तर ती जामिनकी राहत नाही. सहकाराच्या पुढच्या इतिहासात हा दुसरा धडा किती ठिकाणी विसरला गेला ते महाराष्ट्र जाणतो.

याच गाडगीळांनी सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचा ग्रंथही सिद्ध केला. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणी कामगार, हातमागवाले, विडी वळणाऱ्या स्त्रिया यांच्या उत्पन्नाचा आणि राहणीचा असा बारकाईने घेतलेला शोध म्हणजे शहराला दिलेला एक प्रकारचा सल्लाच होता. त्यात उपदेशाचा आवेश नाही. धंद्याची सुरुवात भोवतालची माणसे मोजण्यापासून होते, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

६. चिंचोळीपर्यंत

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. रानड्यांनी ज्या पाठीराख्याची कल्पना केली होती त्याचे हे एक रूप. जमीन, रस्ता, पाणी आणि वीज महामंडळाने द्यायची, उद्योजकाने कारखाना उभारायचा. भूखंड विकत मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. संस्थानिकाच्या मर्जीची जागा कायद्याने घेतली. हा निश्चितच लोकशाहीचा लाभ आहे.

सोलापुरात या व्यवस्थेची खरी कसोटी गिरण्या थांबल्यावर लागली. जुनी मिल आधीच बंद पडली होती. लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा १९९० च्या दशकात थांबला. कापडाच्या शहराला दुसरे काही येते का, हा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर चिंचोळीने दिले. मोटारींच्या इंजिनात लागणारे कॅमशाफ्ट बनवणारी आणि ते परदेशी पाठवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ मध्ये स्थापन झालेली कंपनी, औषधनिर्मितीला लागणारी अमाइन्स व इतर रसायने बनवणारी १९८८ ची बालाजी अमाइन्स, यांचे कारखाने येथे आहेत. एकामागे गुजराती नाव, दुसऱ्यामागे तेलुगू. दोशींच्या आणि पद्मशाली विणकरांच्या शहरात हे क्रमाला धरूनच झाले. सोलापूरची उद्योजकता नेहमीच बाहेरून आलेल्यांनी इथले होऊन उभी केली आहे; 'मराठी माणूस आणि धंदा' या ठराविक चर्चेत ही गोष्ट जमेस धरली जात नाही.

परंतु भूखंड मिळणे आणि कारखाना निघणे यांत जे अंतर आहे ते जामिनाचेच आहे. पहिल्या पिढीच्या तरुणाकडे बँकेला दाखवायला तारण नसते. वडील विडी कारखान्यात वा यंत्रमागावर, घर भाड्याचे किंवा झोपडपट्टीतले. केंद्र सरकार आणि सिडबी यांनी २००० मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी पतहमी निधी सुरू केला तो याच अडचणीसाठी : तारण नसले तरी कर्जाची हमी निधीने घ्यायची. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची चेंबर स्थापन केली तीही याच जाणिवेतून, की ज्यांच्या मागे घराण्याची पत नाही त्यांच्या मागे संघटनेची पत उभी करावी. फाटकांची सही, पंतप्रतिनिधींचे कर्ज, गाडगीळांचे अध्यक्षपद यांना समाजाने दिलेली ही संस्थात्मक रूपे आहेत. उपदेशाच्या भाषणात त्यांचा पत्ता सांगितला जात नाही. तेथे जिद्द, चिकाटी आणि सकारात्मकता यांवरच वेळ संपतो.

आणि एक जामीनदार सर्वांच्या आधीचा आहे. औद्योगिक वसाहतीसाठी जमीन संपादन करण्याचा अधिकार १९६१ च्या अधिनियमाने सरकारला दिला. मोहोळ तालुका हा ज्वारीचा. मालदांडी ३५-१ हे रब्बी ज्वारीचे नावाजलेले वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेले. अशा मुलखात एमआयडीसीचा फलक लागतो तेव्हा सर्वांत मोठी जोखीम जमीन देणाऱ्या शेतकऱ्याने उचललेली असते. कारखाना चालला तर इतरांना नफा होतो. बंद पडला तरी त्याचे शेत परत येत नाही. चरित्रे त्याची नसतात, व्याख्यानाला पाहुणा म्हणून तो बोलावला जात नाही. उद्योगाच्या इतिहासात शेतकऱ्याला भागीदार म्हणून स्थान मिळत नाही तोवर नागरिकत्वाचा धडा अपुरा आहे.

ज्येष्ठांनी तरुणांना सल्ला देऊ नये असा याचा अर्थ नाही. तो द्यावाच, आणि तरुणांनी तो आदराने ऐकावा. फक्त ऐकताना त्यांनी एक प्रश्न विचारायला शिकावे : या सल्ल्याला जामीन कोण? सांगणारा स्वतः, त्याची संस्था, बँक, की शासन? उत्तर मिळाले तर तो सल्ला वहीत उतरवावा. मिळाले नाही तर त्याला भाषण म्हणून टाळ्या द्याव्यात आणि निर्णय आपल्या बुद्धीने करावा. साहित्याचे शिक्षक म्हणून आमच्या हाती भूखंड नाही आणि भांडवलही नाही. 'यांत्रिकाची यात्रा' आणि वालचंदांचे चरित्र विमुक्तांच्या आत्मकथनांच्या शेजारी ठेवून वाचायला लावणे आमच्या हाती आहे. यशाच्या वाक्याखाली कोणाकोणाच्या सह्या आहेत आणि कोणाच्या सहीची जागा कोरी राहिली आहे, हे ज्याला वाचता येते, तो चिंचोळीला जावो की पुण्याला, त्याला कोणाचाही उपदेश सहजासहजी फसवू शकणार नाही.